अहवालातले एक पान



दिवाळी सरली की अहमदनगर जिल्ह्यातील रस्त्यांचे रूपच पालटते. २०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. पण नाव कोणतेही घ्या, रस्त्यावरचे दृश्य तेच असते. प्रवरा, मुळा आणि गोदावरीच्या काठचा ऊस तुटू लागतो. बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या साखर कारखान्यांच्या फाटकापुढे रांगा लावतात. गव्हाणीत ऊस पडण्यापूर्वी प्रत्येक गाडी काट्यावर चढते. भरलेल्या गाडीचे वजन होते, ऊस उतरल्यावर रिकाम्या गाडीचे वजन होते, आणि दोन्हींची वजाबाकी एका चिठ्ठीवर छापून शेतकऱ्याच्या हातात पडते. वर्षभराच्या कष्टाचे मोल त्या चिठ्ठीवरच्या आकड्याने ठरते. म्हणून ऊस पिकवणाऱ्या घरात भावाइतकीच काट्याचीही चर्चा होते. काटा खरा असेल तर हिशेब खरा. काटाच खोटा असेल तर पुढची सारी आकडेमोड कितीही सुबक असली तरी व्यर्थ!

ही साधी गोष्ट मनात ठेवा. आज मला जे सांगायचे आहे, ते याच काट्यावर तोललेले आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी सहकारी कारखान्याचे सभासदत्व आहे, त्यांनी कारखान्याचा वार्षिक अहवाल पाहिला असेल. सर्वसाधारण सभेपूर्वी तो सभासदांना मिळतो. पुष्कळ घरांत तो न वाचताच फळीवर पडतो. तो खाली काढा आणि जरा चाळा. किती टन उसाचे गाळप झाले, साखरेचा उतारा किती पडला, किती क्विंटल साखर पोत्यांत भरली, कर्ज किती, येणे किती, यांचा तपशील त्यात सापडेल. विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ साली तेथे पहिला हंगाम झाला. शेतकरीच मालक असल्यामुळे मालकाला पै-पैचा हिशेब दिला पाहिजे, ही रीत सहकाराबरोबरच आली. ती मोठी शहाणपणाची रीत आहे.

परंतु या हिशेबात एक उणीव राहते. कारखान्यात केवळ ऊस आणि पैसाच जात नाही. तेथे पाणी जाते, वीज जाते, इंधन जाते. आणि तेथून केवळ साखरच बाहेर येत नाही. सांडपाणी येते, धूर येतो, राख येते, मळी आणि प्रेसमड येते. यांचा ताळेबंद कोठे आहे? काही अहवालांत या बाबींचा उल्लेख येतही असेल. पण रुपयांचा हिशेब जितक्या काटेकोरपणे, पानोपानी, तपासनिसाच्या सहीनिशी मांडला जातो, तितक्याच काटेकोरपणे पाण्याचा आणि धुराचा हिशेब मांडला जावा, असा माझा आग्रह आहे. प्रत्येक कारखान्याच्या वार्षिक अहवालात असे एक पान असलेच पाहिजे. आणि ते पान खरे लिहिण्याची साधने आज आपल्या हाताशी आहेत.

मोठ्या कंपन्यांवर असे बंधन आलेच आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी' या संस्थेने २०१२ साली देशातील पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना समाज आणि पर्यावरण यांविषयीच्या जबाबदारीचा अहवाल देण्यास सांगितले. २०२१ साली त्या अहवालाचा नवा, अधिक कसोशीचा नमुना आला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना तो सक्तीचा झाला. वर्षभरात किती ऊर्जा वापरली, किती पाणी उचलले, किती सोडले, किती कचरा झाला, हवा तापवणारे वायू किती बाहेर पडले, कामगारांना किती अपघात झाले, असे प्रश्न त्यात असतात. याला शाश्वतता अहवाल म्हणतात. शब्द जड आहे. अर्थ सोपा आहे. आज आपण निसर्गातून जे घेतो, ते उद्याच्या पिढीलाही पुरावे अशा बेताने उद्योग चालतो की नाही, याचा तो हिशेब.

सहकारी कारखान्यांचे भाग शेअर बाजारात विकले जात नाहीत, त्यामुळे हा नियम त्यांना थेट लागू नाही. पण मोठ्या कंपनीला आपला हिशेब पुरा करायचा असेल, तर तिला साखर पुरवणारा कारखाना आणि सुटे भाग करून देणारा नागापूरच्या किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार, यांच्याकडेही विचारणा करावी लागते. तेव्हा हा प्रश्न मुंबईतल्या कचेऱ्यांपुरता राहत नाही. तो आपल्या गावाच्या शिवेवर येऊन उभा राहतो.

आता असे पान भरायचे कसे, ते पाहू. जुनी पद्धत अशी : वर्ष संपले की विजेची बिले गोळा करायची, पंप दिवसाकाठी किती तास चालतो याचा अंदाज घ्यायचा, त्यावरून पाण्याचा आकडा काढायचा. अंदाज करणारा माणूस प्रामाणिक असला, तरी अंदाज तो अंदाजच! डिजिटल यंत्रांनी येथे मोठा पालट घडवला आहे.

पाणी मोजण्याचे विद्युत्चुंबकीय मीटर घ्या. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले की चुंबकीय क्षेत्रातून वाहक सरकला की त्यात विद्युत्दाब निर्माण होतो. पुढच्याच वर्षी त्याने लंडनच्या वॉटर्लू पुलावरून टेम्स नदीत तांब्याच्या पट्ट्या सोडल्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या आधारे वाहत्या पाण्यातला हा दाब मोजण्याचा यत्न केला. त्याची उपकरणे दुबळी होती, प्रयोग फसला. पण तत्त्व खरे होते. आजच्या मीटरमध्ये पाइपाभोवती वेटोळी बसवून चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. पाणी जितक्या वेगाने वाहील, तितका अधिक दाब पाइपाच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांमध्ये मिळतो. त्यावरून किती लिटर पाणी गेले, ते कळते. पाण्यात फिरणारे चाक नाही, झिजणारा दात नाही.

आधुनिक काटाही असाच. गाडीच्या भाराने पोलादी खांब केसभर दाबला जातो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युत्रोध किंचित बदलतो, आणि त्या किंचित बदलावरून टनांचे वजन कळते. धुराड्यातही प्रकाशाचा झोत सोडून, धुळीमुळे तो किती अडतो किंवा विखुरतो यावरून धुळीचे प्रमाण काढता येते. ही सारी यंत्रे आपले आकडे अहोरात्र संगणकाकडे पाठवतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये अधिक प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना अशी सतत मोजणारी यंत्रे बसवून आकडे थेट मंडळांकडे पाठवण्याचे निर्देश दिले. त्या १७ प्रकारांत साखर कारखाने आहेत आणि मद्यार्क करणाऱ्या आसवन्याही आहेत. म्हणजे आपल्या अहवालातले पान ज्या आकड्यांनी भरायचे, त्यांतले कित्येक आकडे मोजण्याची व्यवस्था आधीच आहे. ते सभासदांच्या हाती येणे एवढेच उरले आहे.

थोडे गणित करू. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या नियमानुसार साखर कारखान्याने एक टन ऊस गाळताना २०० लिटरपेक्षा जास्त सांडपाणी सोडायचे नाही. पूर्वी ही मर्यादा ४०० लिटर होती. समजा, एक कारखाना दिवसाला ५,००० टन ऊस गाळतो. त्याची मर्यादा झाली दिवसाला १० लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे १०० टँकर. आता त्याचा मीटर जर शेकडा ५ कमी दाखवत असेल, तर रोज ५ टँकर सांडपाणी हिशेबाबाहेर जाते. १२० दिवसांच्या हंगामात ते ६०० टँकर होते! पाथर्डी किंवा पारनेर तालुक्यात ज्यांनी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे, त्यांना ६०० टँकर म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

याच गणिताची दुसरी बाजूही पाहा. उसात वजनाच्या सुमारे ७० टक्के पाणीच असते. दिवसाला ५,००० टन ऊस आला, म्हणजे त्याच्या पोटात सुमारे ३५ लाख लिटर पाणी कारखान्यात आले. त्यातले काही चोथ्याबरोबर जाते. पण रस आटवताना पुष्कळशी वाफ होते, आणि ती थंड केली की तिचे पुन्हा पाणी होते. हे पाणी नीट मोजले आणि फिरवून वापरले, तर नदीतून किंवा कालव्यातून फारच थोडे उचलावे लागते. जे मोजले जात नाही, ते वाचवलेही जात नाही.

आकडा वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. 'यंदा आम्ही गेल्या वर्षापेक्षा कमी पाणी वापरले' असे कोणी छापले, तर लगेच टाळ्या वाजवू नका. यंदा दुष्काळ पडून ऊसच कमी आला नव्हता ना, हे आधी विचारा. पाण्याच्या आकड्याखाली उसाचा आकडा ठेवून भागाकार केला, तरच तुलना खरी होते. पाचवीतला भागाकार मोठमोठ्या अहवालांची पारख करू शकतो, तो असा!

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'मग झाले तर! यंत्रे बसवा, संगणक जोडा, अहवाल आपोआप खरा होईल.' नाही, मित्रहो. येथेच माझा मतभेद आहे.

यंत्र खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणतो. पण यंत्राकडून खोटे बोलवून घेता येते. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जगप्रसिद्ध मोटार कंपनीची लबाडी अमेरिकेत उघडकीस आली. तिच्या डिझेल गाड्यांतील संगणकाला असे शिकवले होते की, धुराची चाचणी चालू आहे असे दिसले की इंजिन सभ्यपणे चालवायचे. रस्त्यावर मात्र नायट्रोजनचे घातक ऑक्साइड मोकळे सोडायचे. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही युक्ती होती. संगणक होता, मापे होती, अहवालही होते. नव्हता तो फक्त खरेपणा.

लबाडी नसली तरी ढिलाई पुरते. विद्युत्चुंबकीय मीटर बरोबर चालायला पाइप पाण्याने पूर्ण भरलेला लागतो. अर्धवट भरलेल्या पाइपावर तो भलतेच सांगतो. मीटरला वळसा घालून दुसरा पाइप काढला, तर मीटर बिचारा काय करील? सांडपाण्यातील घाण किती प्राणवायू शोषते, याची प्रयोगशाळेतील कसोटी २७ अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवस चालते. काठावरचे यंत्र तीन दिवस थांबत नाही. अतिनील प्रकाश पाण्यात किती शोषला जातो, यावरून ते अनुमान करते. त्याच्या काचेवर शेवाळ धरले किंवा प्रयोगशाळेशी ताळा पाहणे राहून गेले, की अनुमान भरकटते. तरी पडद्यावर आकडा मात्र दशांशापर्यंत झळकतो! दशांशचिन्ह पाहून माणूस दिपतो. तुम्ही दिपू नका.

तपासनीस कोणाचा, हाही प्रश्न आहे. शेजारच्या गुजरात राज्यात २००९ ते २०११ या काळात अर्थशास्त्रज्ञांनी तेथील प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने एक मोठा प्रयोग केला. तेथे कारखान्यांची तपासणी करणारे लेखापाल कारखान्यांनीच निवडायचे आणि त्यांनीच पैसे द्यायचे, अशी रीत होती. त्यांच्या अहवालांत प्रदूषणाचे आकडे नेमके मर्यादेच्या किंचित खाली दाटलेले आढळले. मग काही कारखान्यांसाठी तपासनीस चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले, त्यांचे मानधन एका सामाईक निधीतून दिले आणि त्यांच्या काही मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा करून पाहिल्या. लगेच अहवाल खरे येऊ लागले. इतकेच नव्हे, तर त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. उपकरण तेच, माणसेही त्याच पेशातली. फक्त तपासनीस कसा ठरतो, मानधन कोठून येते आणि मोजण्या पुन्हा पाहिल्या जातात की नाही, ते बदलले.

मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? याचे उत्तर मला नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावात दिसते. जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे पाणलोटाची कामे झाली, हे तुम्ही ऐकले असेल. पण मला त्याहून मोठी वाटते ती तेथली पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत. पर्जन्यमापकाने पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात, आणि पिण्यास किती, जनावरांस किती, पिकांस किती, याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवतात. पाऊस कमी झाला असेल, तर रब्बीची पिके त्या बेताने घेतात. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, म्हणजे आपला मघाचा एक टँकर. हे गणित तेथे सर्वांसमक्ष मांडले जाते. ज्याच्या विहिरीचा आकडा आहे, तो समोर बसलेला असतो. खोटा आकडा अशा सभेत टिकणार कसा?

माझे म्हणणे आता तीन वाक्यांत सांगतो. पहिले, वार्षिक अहवालात पाणी, वीज, इंधन, धूर आणि सांडपाणी यांचे एक पान असावे. आकडे यंत्रांनी सतत मोजलेले असावेत आणि यंत्रांचा ताळा केव्हा पाहिला, ती तारीखही शेजारी छापावी. दुसरे, त्या पानाची तपासणी करणारा माणूस कारखान्याने निवडलेला किंवा पोसलेला नसावा. तिसरे, ते पान मराठीत, फाटकावरच्या फलकावर आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाला असलेल्या गावांच्या ग्रामपंचायतीतही लागावे. कारण ज्याने भाग विकत घेतला, त्याच्याइतकाच, किंबहुना त्याच्याहून आधी, ज्याच्या विहिरीत ते पाणी झिरपते, त्याचा या हिशेबावर हक्क आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ साली धुराड्यांतील धुळीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते लोकांपुढे मांडण्यास आरंभ केला, तेव्हा असे करणे अशक्य नाही, हे दिसलेच आहे.

यावर एक आक्षेप येतो. लहान कारखानदार म्हणतो, 'मी दोन यंत्रांचा धनी. ऑर्डर वेळेत द्यायची की आकडे लिहीत बसायचे?' त्याची अडचण खरी आहे. मोठ्या कंपनीचे शंभर रकाने त्याच्या गळ्यात मारणे अन्याय होईल. पण त्याने निदान प्रत्येक यंत्राला वेगळा वीजमीटर लावावा. समजा, संगणकावर चालणाऱ्या एका लेथने दिवसात २० युनिट वीज घेतली आणि मीटरवरून असे कळले की, त्यांतली ६ युनिटे यंत्र काम नसताना नुसतेच चालू होते तेव्हा गेली. ती वाचवली, तर ३०० दिवसांत १,८०० युनिटे वाचतात. आपल्या देशात एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे १,२६० किलो वायू टळला आणि बिलही उतरले. जो हिशेब धन्याच्याही उपयोगी पडतो, तोच खरेपणाने ठेवला जातो.

आणि तुम्ही? तुमच्या शाळेतही वीजमीटर आहे, पाण्याची टाकी आहे. शिक्षकांच्या परवानगीने महिनाभर रोज एकाच वेळी आकडे टिपा. एकाने वाचावे, दुसऱ्याने ताळा पाहावा, दोघांनीही सही करावी. एक नियम मात्र कटाक्षाने पाळा : चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा, म्हणजे चूक काय होती आणि ती कोणी सुधारली, ते पुढच्याला दिसेल. संगणकातील नोंदींनाही हाच नियम हवा. तेथे तर पुसलेल्याचा डागसुद्धा राहत नाही. महिन्याच्या शेवटी शाळेच्या फलकावर तो ताळेबंद लावा आणि मुख्याध्यापकांना बोलवा.

ज्यांच्या घरी कारखान्याचा अहवाल येतो, त्यांनी आणखी एक करावे. यंदाचा अहवाल आला की तो वडिलांबरोबर, आईबरोबर बसून वाचावा. गाळप, उतारा, येणे, देणे सारे पाहावे. आणि शेवटचे पान उलटून झाल्यावर सहज विचारावे, 'बाबा, यात पाण्याचे पान कोठे आहे?' सर्वसाधारण सभेत हात वर करण्याचा हक्क तुम्हाला अजून नाही. पण ज्यांना आहे, त्यांच्या तोंडी हा प्रश्न घालण्यास तुम्हाला कोण अडवणार?